घरचा व्यवहार : करारांतून बाहेर पडण्याची वाट

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ होऊन गेलें. कारण ऐकाल तर हंसाल. वांटणीचा प्रश्न नव्हता, सोयरिकीचा नव्हता, शेताच्या धुऱ्याचाहि नव्हता. प्रश्न होता एका मोबाईल फोनचा आणि त्यापायीं वर्षभरासाठीं केलेल्या कराराचा. परंतु एकत्र कुटुंबांत लहान प्रश्न फार वेळ लहान राहत नाहीं. त्याच्या पोटांत कोणाचा मान, कोणाची सोय आणि कोणाची न बोललेली अडचण दडलेली असते. या प्रकरणांत मला थोडा कायदा कळला, थोडा व्यवहार कळला आणि स्वतःची एक चूकहि कळली. म्हणून या महिन्याचें पान त्यासाठींच राखून ठेवलें आहे.

आमचें घर गोंदियांत. लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वडील गेल्यापासून घरचीं सर्व बिलें माझ्या नांवानें येतात. विजेचें, पाण्याचें, घरपट्टीचें, आणि आतां त्याच रांगेंत फोनचेंहि. गेल्या संक्रांतीच्या सुमारास एका कंपनीचा माणूस घरीं आला व त्यानें ‘कुटुंब-योजना’ समजावून सांगितली. चार क्रमांक एका बिलांत. एरव्हीं दरमहा १,१९९ रुपये, परंतु चारी क्रमांक बारा महिने ठेवण्याची कबुली दिल्यास ९९९ रुपये. महिन्याला दोनशें रुपये वांचतात हें पाहून मीं सही केली. कागदाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत छापलेल्या अटी मीं वाचल्या नाहींत. जन्मभर दुसऱ्यांना ‘वाचल्याशिवाय सही करूं नका’ असें सांगत आलों, आणि स्वतःच्या वेळीं चष्मा शोधण्याचा कंटाळा केला.

माझ्या पुतण्याची पत्नी सालेकसा तालुक्यांतील एका गांवीं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे. तो भाग डोंगराचा व रानाचा. पलीकडे छत्तीसगडची हद्द लागते. आमच्या कंपनीची रेंज तिच्या शाळेपर्यंत पोंचत नाहीं, दुसऱ्या एका कंपनीची पोंचते. हें तिनें एकदोनदां सांगितलें होतें. आम्ही तें ऐकून सोडून दिलें होतें. श्रावणांत एके दिवशीं तिच्या दीड वर्षाच्या मुलाला सकाळीं दहाच्या सुमारास ताप भरला आणि पाहतां पाहतां तो इतका चढला कीं पोराला आंकडी आली. डॉक्टरांकडे नेलें, औषध झालें, दुपारपर्यंत पोर हंसूंहि लागलें. परंतु त्या अवधींत आम्ही त्याच्या आईला पंधरा-वीस वेळां फोन लावला आणि एकहि लागला नाहीं. सायंकाळीं परततांना आमगांवच्या रस्त्यावर रेंज आली तेव्हां तिला तें कळलें. घरीं येऊन तिनें मुलाला उचललें आणि बराच वेळ ती कांहींच बोलली नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर ती म्हणाली, “काका, माझा क्रमांक दुसऱ्या कंपनींत नेऊं का?”

मीं म्हटलें, “वर्षाचा करार आहे. संक्रांतीपर्यंत थांब.”

माझी आई शेजारींच बसली होती. ती म्हणाली, “शब्द दिला आहे ना आपण? मग पाळायला नको का?” आईच्या या बोलण्यानें माझ्या मताला जणूं धर्माचें पाठबळ मिळालें, आणि विषय संपला असें मीं समजलों.

तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सूनबाईनें क्रमांक बदलण्यासाठीं संदेश पाठविला. उत्तर आलें कीं, करारांतील अट पुरी न झाल्यामुळें विनंती नामंजूर आहे. हें मला समजलें तेव्हां मला राग आला. आणि रागापेक्षांहि अधिक वाईट वाटलें. कंपनीच्या दुकानांत जाऊन विचारलें तर तेथील मुलानें सांगितलें कीं, उरलेल्या पांच महिन्यांचे ४,९९५ रुपये भरा, मग सुटका होईल. त्या रात्रीं जेवतांना माझ्या तोंडून निघून गेलें, “बाहेर पडायची एवढी घाई झाली आहे का?” वाक्य फोनबद्दल होतें, पण तें फोनबद्दल नव्हतें हें पंक्तींतल्या सर्वांना कळलें. पुढचे दोन दिवस घरांत जरुरीपुरतेंच बोलणें झालें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्या चहाच्या कपाजवळ तोच छापील कागद ठेवलेला होता. एका कलमाखालीं पेन्सिलीची बारीक रेघ. त्या कलमाचा अर्थ असा होता कीं, ग्राहकानें मुदतीपूर्वीं योजना सोडल्यास तोपर्यंत घेतलेली सवलत त्यानें परत करावी. बस्स, इतकेंच. सात महिने झाले होते. महिन्याला दोनशें रुपये सवलत. म्हणजे १,४०० रुपये. दुकानांतल्या मुलानें मागितलेल्या ४,९९५ रुपयांचा त्या कागदांत कोठेंहि मागमूस नव्हता. सुटकेची वाट करारांतच लिहिलेली होती, आणि ती मला माझ्या सुनेनें दाखविली.

येथें आईच्या प्रश्नाचा विचार करणें प्राप्त आहे. दिलेला शब्द आणि केलेला करार एकच काय? आपल्या घरांतून लहानपणापासून सत्यवचनाच्या कथा ऐकवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु व्यापारी करारांत दोन्हीं पक्ष आधींच ठरवितात कीं, पुढें कोणाला माघार घ्यावी लागली तर त्यानें काय भरून द्यावें. तें ठरलेलें भरून देऊन बाहेर पडणारा मनुष्य शब्द मोडीत नाहीं. शब्दाचाच एक भाग तो पाळीत असतो. शब्द मोडतो तो न सांगतां, न भरतां, सिम काढून टाकून गप्प बसणारा. हा भेद मीं आईला सांगितला तेव्हां ती म्हणाली, “मग वाईट काय? जें घेतलें तें द्यावें आणि सुटावें.” ज्या आईच्या बोलण्याचा मीं आधार घेतला होता ती माझ्याहून अधिक मोकळ्या मनाची निघाली.

कायद्याचें म्हणणेंहि याहून फार निराळें नाहीं. आपल्या देशांत करारांचा कायदा १८७२ सालापासून चालत आला आहे. त्याच्या ७४ व्या कलमाचा आशय असा कीं, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें लिहिलेलें असलें तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा होय. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यांत हेंच तत्त्व स्पष्ट केलें. म्हणजे करारांत दंडाचा आंकडा कितीहि मोठा छापला तरी तो मागणाऱ्याच्या पदरांत आपोआप पडत नाहीं. तसेंच २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ‘अन्याय्य करार’ अशी एक नवी संज्ञा आणली. करारभंगामुळें झालेल्या नुकसानीच्या मानानें अतोनात दंड लादणें, किंवा कर्ज मुदतीपूर्वीं फेडावयास आलेल्या ग्राहकाला योग्य आकार घेऊनहि नकार देणें, हे प्रकार त्यांत मोडतात.

मोबाईल फोन आणि लांब मुदतीचा करार ही जोडी आपल्याकडे फारशी रुजली नाहीं. बहुसंख्य लोक आधीं पैसे भरून मग बोलणारे. रिचार्ज संपला कीं संबंध संपला. तरीहि कांहीं वाचकांना २००३ सालचा पावसाळा आठवत असेल. रिलायन्स इन्फोकॉमनें २८ डिसेंबर २००२ रोजीं, धीरूभाई अंबानींच्या जयंतीचा मुहूर्त साधून, आपली फोनसेवा जाहीर केली होती. फोनवरचें बोलणें पोस्टकार्डापेक्षां स्वस्त व्हावें, असें त्यांचें स्वप्न सांगितलें जात असे. पुढच्याच जुलैंत ‘मान्सून हंगामा’ या नांवानें ५०१ रुपयांत हातीं फोन देण्याची योजना निघाली. ज्या घरांत पूर्वीं काळ्या चोंग्याच्या फोनसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावावा लागे, त्या घरांत ५०१ रुपयांत खिशांतला फोन आला! परंतु फोनची किंमत माफ झालेली नव्हती. ती पुढील हप्त्यांत पसरलेली होती. शिवाय त्या फोनांत वेगळें सिम नसे. क्रमांक उपकरणांतच बांधलेला असल्यामुळें तेंच उपकरण घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय नव्हती. अनेकांनीं पुढें हप्ते थकविले, आणि कंपनीलाहि त्या थकबाकीचा मोठा फटका बसला. स्वस्त वस्तु घेतांना बांधिलकीची किंमत न पाहिली तर घेणारा व देणारा दोघेहि अडचणींत येतात, हा त्या पावसाळ्याचा धडा. पुढें जुलै २०१७ मध्यें जिओफोन जाहीर झाला तेव्हां १,५०० रुपयांची ठेव तीन वर्षांनीं परत मिळेल असें सांगण्यांत आलें. त्यांतहि फोन ‘फुकट’ असला तरी मुदत होतीच.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांना ही पद्धत अधिक ओळखीची वाटेल. तेथें अनेक वर्षें महागडा फोन थोडक्या पैशांत द्यावयाचा आणि ग्राहकाला दोन वर्षें बांधून घ्यावयाचें, अशी रीत होती. मध्येंच सोडल्यास दंड. नोव्हेंबर २००९ मध्यें व्हेरायझन कंपनीनें महागड्या उपकरणांसाठीं हा दंड १७५ डॉलरांवरून ३५० डॉलरांवर नेला तेव्हां मोठी ओरड झाली. परंतु त्या दंडांतहि एक न्याय होता : जितके महिने ग्राहक राहील तितका तो दरमहा दहा डॉलरांनीं कमी होई. पुढें मार्च २०१३ मध्यें टी-मोबाईलनें तेथें वार्षिक करारांची पद्धतच सोडून दिली. दंड असावा तर तो असा, दिवसागणिक उतरणारा. जो दंड पहिल्या महिन्यांत जेवढा, तेवढाच अकराव्यांतहि, त्याच्या वाजवीपणाबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

आतां क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची जी सोय आहे तिच्याविषयीं. २५ नोव्हेंबर २०१० रोजीं ती प्रथम हरियाणांत सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून सर्व देशांत लागू झाली. परंतु प्रारंभीं ती एका दूरसंचार मंडळापुरतीच होती. आम्हां गोंदियाकरांना ही गोष्ट विशेष बोचत असे. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला राजनांदगांव. आमच्या सोयरिकी, बाजारहाट, दवाखाने, सारे व्यवहार हद्दीच्या दोन्हीं बाजूंना पसरलेले. फोनच्या जगांत मात्र आम्ही महाराष्ट्र-गोवा मंडळांत, आणि बालाघाट व राजनांदगांव हीं दोन्हीं मध्यप्रदेश-छत्तीसगड मंडळांत. लेक बालाघाटला दिली कीं तिचा माहेरचा क्रमांक परका व्हावयाचा. ३ जुलै २०१५ पासून ही भिंत गेली. आतां माहेरचा क्रमांक सासरीं नेतां येतो, आणि माहेरच्या माणसांना तो पाठ असल्यामुळें त्याचें मोल निराळें सांगावयास नको.

१६ डिसेंबर २०१९ पासून या कामाची रीत पुष्कळ सोपी झाली आहे. ज्या क्रमांकाची बदली करावयाची त्याच क्रमांकावरून, इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, मग थोडी जागा सोडून आपला दहा आंकडी क्रमांक, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा एक संकेत येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्या अवधींत नव्या कंपनीच्या दुकानांत ओळखपत्र घेऊन जावें व संकेत द्यावा. एकाच मंडळांतली बदली तीन कामाच्या दिवसांत आणि दुसऱ्या मंडळांतली पांच दिवसांत व्हावी, असा नियम आहे. फीचा आंकडा ६ रुपये ४६ पैशांहून अधिक नसावा असें २०१९ सालीं ठरलें आहे. एवढ्या लहान रकमेसाठीं लोक दरवर्षीं संक्रांतीच्या वाणापेक्षांहि कमी विचार करतात. खरा विचार करावयाचा तो त्याआधींच्या अटींचा.

तो संकेत पुढील कारणांनीं नाकारला जातो. क्रमांक सुरू होऊन अथवा मागील बदली होऊन नव्वद दिवस झालेले नसणें. निघालेल्या बिलाची रक्कम मुदत टळूनहि न भरलेली असणें. क्रमांकाच्या मालकीचा बदल अर्धवट चालू असणें. क्रमांकाविषयीं न्यायालयांत वाद चालू असणें किंवा न्यायालयाची मनाई असणें. आणि आमच्या घरीं घडलें तें, म्हणजे करारांत बाहेर पडण्याची अट असूनहि ती पुरी न करणें. हें शेवटचें कारण नीट वाचावें. नियम असें म्हणत नाहीं कीं करार असेपर्यंत ग्राहकानें जाऊंच नये. तो म्हणतो कीं, करारांत सुटकेची जी अट आहे ती पाळून जावें. १ जुलै २०२४ पासून त्यांत आणखी एक गोष्ट आली : सिम हरवल्यामुळें किंवा बिघडल्यामुळें नवें घेतलें असेल तर त्यानंतर सात दिवस हा संकेत मिळत नाहीं. चोरानें दुसऱ्याच्या नांवें सिम काढून लगेच पळ काढूं नये, हा त्यामागचा हेतु.

कंपनी बदलली म्हणजे जुन्या कंपनीचें देणें बुडालें, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. शेवटचें बिल मागाहून येतें आणि तें भरावेंच लागतें. न भरल्यास जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून नवी कंपनीहि सेवा बंद करूं शकते. त्याचप्रमाणें फोनचें उपकरण कोणा सावकारी कंपनीकडून हप्त्यांनीं घेतलें असेल तर तो करार सर्वस्वीं निराळा. सिम बदललें म्हणून हप्ता थांबत नाहीं. मोबाईलवरून घेतलेल्या अशा कर्जांविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं ठरविलेल्या नियमांप्रमाणें, खर्चाचा सारा तपशील एका पत्रकांत आधीं द्यावा लागतो, आणि प्रारंभींच्या ठराविक फेरविचाराच्या मुदतींत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून कोणत्याहि दंडाशिवाय कर्जांतून मोकळें होतां येतें. मुलांनीं नवा फोन घरीं आणला कीं त्याच दिवशीं हें पत्रक मागून घ्यावें. दुसऱ्या महिन्यांत मागून उपयोग नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ग्राहकानें एखादी योजना घेतल्यापासून सहा महिने कंपनीला त्याच्यासाठीं तिचे दर वाढवितां येत नाहींत. परंतु ग्राहकाला मात्र त्या अवधींतहि दुसरी योजना निवडतां येते. तेव्हां कित्येक वेळां कंपनी सोडण्याची गरजच नसते. त्याच कंपनीची लहान योजना घेतली तरी काम भागतें. बिलाच्या योजनेंतून रिचार्जच्या योजनेंत जाणेंहि सप्टेंबर २०२१ पासून सोपें झालें आहे. नवें सिम न घेतां फोनवर आलेल्या सांकेतिक आंकड्यानें तें होतें.

कंपनीनें वाजवीपेक्षां अधिक मागितलें तर काय करावें? प्रथम भांडूं नये, कागद मागावा. दुकानांतल्या मुलाचें तोंडी बोलणें हा करार नव्हे. मग कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आंत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावें. त्यानें ३९ दिवसांत निकाल द्यावा असा २०१२ चा नियम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, जें १९९७ सालीं स्थापन झालें, तें नियम करतें. एकेकट्या ग्राहकाची तक्रार तें ऐकत नाहीं. तेथें अर्ज पाठवून महिनोन् महिने उत्तराची वाट पाहणारे गृहस्थ मला भेटले आहेत.

यानेंहि न भागलें तर ग्राहक आयोग. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें १८८५ च्या तार कायद्याच्या आधारें फोनविषयक तक्रारी ग्राहक न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठरविल्या होत्या. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयानें तें द्वार पुन्हां मोकळें झालें. जिल्हा आयोग गोंदियांतच आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणीं तक्रार देतां येते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाहीं. मात्र चुकीचें बिल किंवा सेवेंतील दोष असेल तरच जिल्हा आयोग. करारच अन्याय्य आहे असें म्हणणें असेल तर राज्य आयोगाकडे जावें लागतें, आणि त्याचें खंडपीठ आपल्याला नागपुरास मिळतें. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर सल्ला घ्यावा. पुष्कळ प्रकरणें तेवढ्यानेंच मिटतात.

आमचें प्रकरण इतकें लांबलें नाहीं. सूनबाईनें पेन्सिलीनें खुणावलेला कागद घेऊन मी व ती दोघे दुकानांत गेलों. तो मुलगा कागद पाहून आंत गेला, वरिष्ठाला घेऊन आला. वरिष्ठानें हिशेब केला आणि १,४०० रुपये घेऊन पावती दिली. सात महिन्यांत जें वांचलें तेंच परत गेलें. गांठीचें कांहीं गेलें नाहीं. उरलेल्या तीन क्रमांकांसाठीं लहान योजना घेतली.

परंतु पुढें एक अडचण निघाली आणि तिनेंच मला खरें विचार करावयास लावलें. तो क्रमांक माझ्या नांवावर होता! लग्न होऊन आल्यापासून सूनबाई तो वापरीत होती. शाळेच्या दप्तरांत तोच, बँकेंत तोच, तिच्या वर्गांतल्या मुलांच्या आईबापांना तोच पाठ. परंतु कायद्याच्या दृष्टीनें त्याचा मालक मी. कंपनी बदलतांना नांव बदलत नाहीं. ज्याच्या नांवानें क्रमांक त्यानेंच ओळखपत्र घेऊन उभें राहावयाचें. तिच्या पगाराचा सांकेतिक आंकडा ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांक उद्यां मीं रागाच्या भरांत बंद केला असता, तर तिला विचारण्याचीहि सोय नव्हती. मीं तसें केलें नसतें, हें खरें. पण माझ्या चांगुलपणावर तिचा पगार अवलंबून असावा, ही व्यवस्था चांगली नव्हे. आम्ही प्रथम जुन्या कंपनींत रीतसर नांव बदलून घेतलें. तें पुरें झाल्यावर तिनें पुन्हां संदेश पाठविला, आणि या वेळीं संकेत आला. चौथ्या दिवशीं शाळेच्या मधल्या सुटींत तिचा फोन आला. “काका, ऐकूं येतें का?” एवढेंच ती म्हणाली. मुलगा माझ्या मांडीवर होता. मीं फोन त्याच्या कानाशीं धरला.

त्या दिवसापासून घरांतल्या प्रत्येक सज्ञान माणसाचा क्रमांक त्याच्या स्वतःच्या नांवानें करण्याचें मीं मनावर घेतलें आहे. वाचकांनींहि एकवार पाहावें. सरकारच्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेवर, जी मे २०२३ मध्यें सुरू झाली, आपल्या नांवावर किती क्रमांक आहेत तें कळतें. एका माणसाच्या नांवें आपल्याकडे नऊच क्रमांक असूं शकतात. आपल्या नांवावर न ओळखीचा क्रमांक दिसला तर तो तेथेंच कळवितां येतो. घरांतील वडीलधारें माणूस गेलें तर त्यांचा क्रमांक मृत्यूचा दाखला देऊन रीतसर बंद करावा किंवा वारसाच्या नांवें करून घ्यावा. बिल आपोआप थांबत नाहीं. आणि कोणताहि क्रमांक सोडण्यापूर्वीं बँक, आधार, पेन्शन व विमा यांतून तो काढून घ्यावा. सोडलेला क्रमांक निदान नव्वद दिवसांनीं दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग आपल्या आईच्या पेन्शनचे संदेश कोणा अपरिचिताच्या फोनवर वाजूं लागतात.

सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. मुदत किती? मध्येंच सोडल्यास नेमके किती रुपये, आणि ते दरमहा कमी होतात कीं नाहीं? क्रमांक कोणाच्या नांवें? तिन्हींचीं उत्तरें कागदावर मागावीं, आणि कागद घरांतल्या सर्वांत तरुण व सर्वांत चिकित्सक माणसाकडून वाचून घ्यावा. आमच्या घरीं तें काम आतां सूनबाईकडे आहे. परवां नव्या विम्याचा कागद आला तेव्हां मीं तो आधीं तिच्याकडे सरकविला. तिनें पेन्सिल हातांत घेतली, आणि आई देवघरांतून म्हणाली, “वाच हो नीट, तुझ्या काकांचा चष्मा पुन्हां सांपडत नाहींसा दिसतो.”